ऑइल खाणारं इंजिन आणि माझी वही

गाडी धूर सोडते हे मला डिपस्टिकने, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीने, सांगितलं नाही. मागच्या गाडीवाल्याने सांगितलं. सिग्नलला उभी होते, हिरवा लागला, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि आरशात बघते तर त्याने घाईघाईने काच वर घेतलेली आणि चेहरा असा केलेला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या वळणावर मुद्दाम हळू घेतली. धूर होताच. निळसर, जळक्या तेलाच्या वासाचा.

गाडी माझीच, पहिल्या दिवसापासूनची. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मीटरवर १,६८,००० किलोमीटर. म्हणजे जे काही पाप होतं ते माझ्याच खात्यावर जमा. ऑइल दर १०,०००ला बदलायचं हे ठाऊक होतं, पण मधली काही वर्षं अशी गेली की ते कधी १४,०००ला बदललं, एकदा तर १७,०००ला. गाडी व्यवस्थित चालत होती ना. आणि फेऱ्या सगळ्या जवळच्या, चार-पाच किलोमीटरच्या. इंजिन धड तापायच्या आत बंद. ऑइलसाठी यापेक्षा वाईट वापर नाही, हे मला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी एक वही केली. तारीख, मीटर, डिपस्टिकची पातळी, किती ओतलं. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं, त्यामुळे हिशोब सोपा. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, पट्टी पुसायची, परत घालायची, मग वाचायची. तीन महिन्यांत आकडा आला : ९०० किलोमीटरला एक लिटर. काही उत्पादक हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा मानतात. वर्षभरापूर्वी माझी गाडी दोन हजाराला एक लिटर खात होती, तेव्हा याच वाक्याच्या आधारावर मी निवांत झोपले होते.

मग सुरू झाले सल्ले. जाड ऑइल घाला, एवढ्या एकाच सल्ल्यावर सगळ्यांचं एकमत. घातलं. पातळ ५डब्ल्यू-३० काढून जाड २०डब्ल्यू-५०. महिनाभर खप थोडा कमी झाला, पण गाडी सकाळी जड सुरू व्हायची. बाटलीतलं एक औषधही ओतलं, त्याबद्दल न बोललेलं बरं. पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलला. हे मात्र कुणीही सगळ्यात आधी करावं असं काम आहे. इंजिनच्या पोटात साचणारे वायू परत इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेकडे, नेणारा हा छोटासा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला तर बहुतेक वेळा खुळखुळ वाजायला हवा. माझा चिकटून गप्प झाला होता. तो अडकला की पोटातला दाब वाढतो नाहीतर तेलाची वाफ थेट इनटेकमध्ये ओढली जाते. नवा बसवल्यावर खप ९०० वरून १,०५० किलोमीटरला एक लिटर झाला. फरक पडला, रोग गेला नाही.

पुढची चूक माझी आणि एका गॅरेजची अर्धी-अर्धी. त्यांनी धूर बघितला, मान हलवली आणि म्हणाले, व्हॉल्व्ह सील गेलेत, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल खाली गळू न देणारी रबरं. कुठलीही टेस्ट नाही. मीही विचारलं नाही, कारण ऐकायला बरं वाटत होतं. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, न काढता होणारं काम. सील बदलले. सकाळी स्टार्ट करताना येणारा धुराचा झोत बंद झाला, हे खरं. पण वहीतला आकडा जागचा हलला नाही.

शेवटी एका ओळखीच्या ओळखीने ज्या मिस्त्रींकडे गेले त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "ताई, धूर कधी येतो?"

किती येतो हे नाही, कधी येतो. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला झोत येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील, रात्रभर तेल झिरपून व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसलेलं असतं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून खाली आलात आणि तळाशी परत दाबल्यावर आला तर व्हॉल्व्ह गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीवर, संशय. चढाला, भाराला, जोर लावताना सतत येत असेल तर पिस्टनभोवतीच्या रिंगा. पांढरा आणि न विरणारा असेल तर ते पाणी, तिथे हेडखालचं सील, हेड गॅस्केट, बघायचं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. मी वही पुढे केली. त्यांनी ती उभ्याउभ्या पूर्ण वाचली आणि पोराला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा काटा, आणायला पाठवलं.

टेस्ट तशी साधी. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, पेट्रोल आणि स्पार्क बंद, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा, बॅटरी दणकट, आणि स्टार्टर फिरवायचा. आकडे आले : १६५, १६०, १०५, १५० पीएसआय. तिसरा झोपलेला. मग त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत टेस्ट. काटा १५० वर गेला. तेलाने रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवली म्हणून दाब वाढला. व्हॉल्व्ह गळत असते तर वाढला नसता. खात्रीसाठी तिसरा पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली. "कान लावा," म्हणाले. ऑइल भरायचं झाकण काढून मी कान लावला. आतून सायकलची ट्यूब सुटावी तसा सलग फुस्स आवाज येत होता, गालाला हवा लागत होती. हीच हवा सायलेन्सरमधून आली असती तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली असती तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले असते तर गॅस्केट.

मला वाटलं, चला, एका सिलिंडरचं दुखणं आहे. तेव्हा त्यांनी दुसऱ्याचा प्लग हातात दिला. १६० पीएसआय दाखवणाऱ्या सिलिंडरचा प्लग तेलाने ओला, काळा. कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे सगळं चांगलं, हा माझा समज तिथे गेला. वरच्या दोन रिंगा मुख्यतः दाब धरतात. भिंतीवरचं तेल खरवडून खाली पाठवायचं काम तिसऱ्या, ऑइल रिंगचं. ती अडकली तर कॉम्प्रेशन उत्तम आणि तरीही इंजिन तेल पितं.

आता काय करायचं? एक मार्ग म्हणजे काहीच न करणं. तेल ओतत राहायचं आणि गाडी जाईल तितकी न्यायची. याला लोक नावं ठेवतात, पण गाडीच म्हातारी असेल तर तो शहाणपणाचा हिशोब असू शकतो. दुसरा, अपघातात मोडलेल्या गाडीचं जुनं इंजिन आणून बसवणं. असं एक बघायला गेले. बाहेरून धुऊन चकचकीत केलेलं, विकणारा म्हणाला कमी चाललेलं आहे. मी ऑइलचं झाकण उघडून उलटं केलं. आतून डांबरासारखा काळा थर. कॉम्प्रेशन टेस्ट करू का, विचारलं तर स्टार्टरच लावलेला नाही म्हणे. परत आले. शिवाय इंजिनचा कोड, सेन्सर, इम्मोबिलायझर जुळवणं आलं, आणि गाडीच्या कागदांवर इंजिन नंबर असतो तिथे तो बदलून घेणंही आलं. तिसरा मार्ग रिकंडिशन केलेलं इंजिन बदल्यात घेणं. माझ्या मॉडेलचं मिळत नव्हतं. उरलं आपलंच इंजिन खोलणं. बॉडीला कुठे गंज नव्हता, गिअरबॉक्स छान होता, आणि या इंजिनची पापं तरी मला तोंडपाठ होती. दुसऱ्याचं इंजिन म्हणजे दुसऱ्याची पापं.

इंजिन उतरवायला दीड दिवस लागला. वायरिंगचे, नळ्यांचे, ब्रॅकेटचे मिळून दोनशेच्या वर फोटो मी काढले. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. मिस्त्री हसत होते. जोडणीच्या वेळी तेच विचारत होते, "ताई, तो इकडचा ब्रॅकेट कसा होता?"

खालचं ऑइल पॅन काढलं तर तळाला काळा चिखल आणि ऑइल पंपाची जाळी निम्मी बुजलेली. हेड उचललं. मिस्त्रींनी माझं बोट धरून सिलिंडरच्या वरच्या काठाखाली नेलं. नख अडकलं. वरची रिंग जिथपर्यंत येते तिथपर्यंत भिंत झिजली होती, त्याच्या वरचा अर्धा सेंटिमीटर मूळ मापाचा राहिला होता आणि दोन्हींच्या मध्ये पायरी तयार झाली होती. वरच्या टोकाला उष्णता आणि दाब सगळ्यात जास्त, तेल सगळ्यात कमी, पिस्टन तिथे क्षणभर थांबून उलटा फिरतो; म्हणून झीज तिथेच. तिसऱ्यात भर म्हणून उभे ओरखडे.

पण ज्याने माझं तोंड बंद झालं ते पिस्टनवर होतं. ऑइल रिंगच्या खाचेत, मागच्या बाजूला, बारीक भोकं असतात. रिंगने खरवडलेलं तेल त्यातून पिस्टनच्या आत उतरून खाली पडतं. तिसऱ्या पिस्टनची रिंग खाचेत सिमेंट ओतल्यासारखी बसली होती. ती तोडून काढली आणि पिस्टन दिव्यासमोर धरला. एकाही भोकातून उजेड येईना. मिस्त्रींनी सुईने एक भोक कोरायला घेतलं. दगडासारखा कडक कार्बन कणाकणाने सुटत होता. बऱ्याच वेळाने सुई आरपार गेली आणि उजेडाचा एक ठिपका दिसला. बाकीच्या पिस्टनची निम्मीशिम्मी भोकं उघडी होती. जळलेलं, थकलेलं ऑइल वेळेवर न काढल्याचा हा साठा. १७,००० किलोमीटरची ती खेप माझ्या डोळ्यांसमोर आली. मी काही बोलले नाही, तेही काही बोलले नाहीत.

ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग, लेथवर गेला. तिथले काका डायल गेजने प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर, आडवा-उभा असा मोजत होते आणि खडूने ब्लॉकवरच आकडे लिहीत होते. मूळ माप ७४.०० मिलिमीटर. तिसऱ्यात तळाला ७४.०२, वर ७४.११. एक जुनी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने मोजली : १.२ मिलिमीटर. या मापाच्या बोअरला साधारण ०.३० हवी. म्हणजे रिंगा बदलून भागणार नव्हतं. ०.२५ ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे सिलिंडर तेवढ्या मिलिमीटरने मोठा कोरून त्याला मोठा पिस्टन घालण्यात, ओरखडे निघतील याची काकांना खात्री नव्हती, म्हणून ०.५० ठरलं, चारही सिलिंडर.

मी म्हटलं, "काका, पिस्टन येईपर्यंत बोअर तरी करून ठेवा."

"पिस्टन आधी आण. तो मोजतो, मग त्याला बोअर करतो. ओव्हरसाइज ०.५० असं डब्यावर लिहिलंय म्हणून तो ०.५०च असतो असं नाही."

नऊ दिवस थांबले. पिस्टन आले, प्रत्येकाला १ ते ४ नंबर पडले, आणि प्रत्येकाच्या मापाला ०.०३ मिलिमीटर जास्तीची जागा ठेवून बोअर झालं. होनिंगनंतर, म्हणजे दगडाने भिंत घासून घेतल्यावर, तिच्यावर बारीक तिरप्या रेषांची जाळी दिसत होती. ही जाळी शोभेची नाही; तिच्यात तेल थांबतं आणि तिच्यावर घासून नव्या रिंगा आपली जागा करतात. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) मायक्रोमीटरने मोजला; ग्राइंडिंगची गरज नव्हती, पॉलिश आणि नवी स्टँडर्ड बेअरिंग्ज पुरली. हेडचे दोन गाइड ढिले निघाले, व्हॉल्व्ह लॅप केले (बैठकीवर घासून बसवले), आणि सील परत नवे. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा.

ब्लॉक धुवायचं काम मी मागून घेतलं. रॉकेलने पुसून भागत नाही. होनिंगची बारीक कचकच रेषांमध्ये रुतलेली असते आणि ती फक्त गरम पाणी, साबण आणि ब्रशने निघते. राहिली तर नव्या रिंगांना पॉलिश पेपर लावल्यासारखंच. धुऊन, पांढऱ्या कापडाला तेल लावून सिलिंडर पुसायचा. पहिलं कापड करडं. परत धुतलं. दुसरं करडं. चौथं कापड जसं गेलं तसं पांढरं बाहेर आलं. तेवढ्यात पहिल्या सिलिंडरच्या काठाला तांबूस झाक दिसायला लागली. ताजं उघडं लोखंड काही मिनिटांत गंज धरतं. तिथल्या तिथे तेल चोपडलं.

जोडणीत जवळजवळ एक घोटाळा झाला होता. प्रत्येक रिंग त्याच सिलिंडरमध्ये बसवून फट तपासली, एक ०.२० निघाली तिला कानशीने ०.३० केलं. तीन पिस्टन आत गेले. चौथा रिंग कॉम्प्रेसरमध्ये आवळणार तेवढ्यात पोरगा हळूच म्हणाला, "दुसऱ्या रिंगचा ठिपका दिसत नाहीये." ठिपका वर हवा. दुसऱ्या रिंगची कड तिरपी असते, खाली जाताना तेल खरवडायला. उलटी बसली तर ती तेल वर चढवते. म्हणजे एवढं सगळं करून गाडी परत तेल प्यायलाच लागली असती, आणि आम्ही तिघं दोष शोधत बसलो असतो. मिस्त्रींनी काही न बोलता रिंग उतरवली, फिरवली, आणि आत गेलेले तिन्ही पिस्टन पुन्हा बाहेर काढून तपासले. ते बरोबर होते. नंतर तो पोरगा दिवसभर जरा जास्तच जोरात शीळ घालत होता.

बाकीचं भराभर झालं. इंजिन बाहेर आहेच तर क्लच प्लेट, मागचं क्रँक सील, वॉटर पंप आणि माउंटिंग नवे घातले. हेडचे बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात, म्हणून नवे. टॉर्क रेंचने पायरीपायरीने आणि शेवटी कोन मोजून आवळले.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी पेट्रोलचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला. मग फ्यूज लावला आणि चावी फिरवली. पकडलं. आणि मागून निळा धूर, पूर्वी कधी नव्हता इतका. माझ्या पोटात गोळा. मिस्त्री शांत. जोडताना लावलेलं तेल जळतंय, म्हणाले. दहा मिनिटांनी सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर कोमट, स्वच्छ, थोडं दमट. रेडिएटरच्या एका नळीची क्लिप गळत होती, तेवढी आवळली.

मला वाटलं होतं आता पाचशे किलोमीटर गाडी हळूबाई चालवायची. उलटं निघालं. आयडलवर ताटकळत ठेवायची नाही, एका वेगावर रेंगाळायचं नाही, आरपीएम ३,५०० च्या वर नाही. पण तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम जोर द्यायचा, मग पाय सोडायचा, परत द्यायचा. जोर लावला की जळणाऱ्या वायूचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, आणि रिंगा बसतात त्या अशाच. होनिंगची धार पहिल्या काही तासांतच बोथट होते, नंतर ती संधी नाही. ५०० किलोमीटरला काढलेलं ऑइल मेटॅलिक रंगाच्या डब्यासारखं चकाकत होतं. फिल्टर कापून उलगडला : बारीक करडी पूड, बेअरिंगचे तुकडे नाहीत.

एवढं होऊनही गाडी पळेना. मर्यादा उठल्यावर ३,५०० च्या वर कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. टायमिंग तपासलं, बरोबर. इंजेक्टर, बरोबर. दोन दिवस मी मनातल्या मनात लेथवाल्या काकांवरही संशय घेतला. शेवटी एक्झॉस्टचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावला. २,५०० आरपीएमला दाब ३ पीएसआयच्या आत हवा होता. इथे ५ च्या वर जाऊन चढतच होता. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला डबा, तुंबलेला. दोन-अडीच वर्षं जळलेल्या ऑइलची राख त्याच्या जाळीत बसली होती, आणि ऑइलमधल्या फॉस्फरसने उरलेलं निकामी केलं होतं. हे मी इंजिन खोलायच्या आधीच तपासायला हवं होतं, कारण तेल ओतत राहण्याचा जो स्वस्त हिशोब मी वर्षभर करत होते त्यात हा खर्च धरलेलाच नव्हता. नवा बसवला आणि गाडी सुटली.

वही चालूच आहे. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ३०० मिलिलिटर, पुढच्या दोन हजारांत १०० च्या आसपास, त्यानंतर पट्टीवर दिसेल एवढी घट नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना १८० ते १८५. मॅन्युअल ऑइल बदलायला अजूनही १०,००० सांगतं. मी ५,०००ला गाडी घेऊन गेले. मिस्त्रींनी डिपस्टिक काढली, उजेडात धरली, म्हणाले, "ताई, अजून आरपार दिसतंय हे."

म्हटलं, दादा, काढा.